शिल्लक रजेचा पगार : नोकरी सुटल्यानंतर तो कोणाचा?

आपल्या चिकोडी-निपाणी भागात नोकरी सोडणाऱ्या माणसाचा हिशेब करण्याची एक ठरीव रीत आहे. शेवटच्या महिन्याचा पगार मोजून हातावर ठेवावयाचा, घेतलेली उचल वळती करावयाची आणि 'आता माझे काही येणे राहिले नाही' अशा मजकुराच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यावयाचा. मालक भला असला तर वर चहा पाजतो. या साऱ्या व्यवहारात त्या माणसाने वर्षभर न घेतलेल्या भरपगारी रजेचा विषय क्वचितच निघतो. मालक काढीत नाही, कारण त्यास तो काढण्यात लाभ नाही. नोकर काढीत नाही, कारण 'नोकरी सुटली की रजाही बुडाली' अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठी येणाऱ्या अर्जांत 'पालकांची नोकरी नुकतीच सुटली आहे' असे शब्द दर वर्षी काही अर्जांवर आढळतात. अशा पालकांस आम्ही सहज विचारतो, की रजेचा पगार मिळाला काय? बहुतेकांचे उत्तर एकच असते : "तो कुठला? रजा घेतलीच नव्हती की!" रजा घेतली नव्हती म्हणूनच तर तिचा पगार येणे आहे, ही गोष्ट समजावून सांगण्यात पुष्कळ वेळ जातो. मुलाची वर्षाची फी आणि पुस्तके ज्या रकमेतून निघाली असती ती रक्कम केवळ अज्ञानामुळे सुटून जावी, याचे आम्हांस वाईट वाटते. संस्थेच्या महोत्सवी अंकात इतर विषयांबरोबर या रूक्ष विषयालाही चार पाने मिळावीत असा आग्रह आम्ही त्यासाठीच धरला.

प्रथम मूळ कल्पना नीट ध्यानात घेतली पाहिजे. भरपगारी रजा ही मालकाने खूष होऊन दिलेली देणगी नव्हे. कामगार वीस दिवस काम करतो तेव्हा त्या वीस दिवसांच्या पोटी रजेचा एक दिवस जन्मास येतो. तो मिळविलेला असतो, म्हणून त्यास अर्जित रजा असे नाव पडले. वीस दिवसांच्या रोजासारखाच हाही त्याच श्रमाचा मोबदला आहे. फक्त तो रोखीने न देता विश्रांतीच्या रूपाने पुढे द्यावयाचा असतो. विश्रांती घेण्यापूर्वीच नोकरी संपली, तर ती विश्रांती देणे आता शक्य राहत नाही. मग तिची किंमत द्यावयाची, इतका साधा हा न्याय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरपगारी रजेचा पहिला करार १९३६ साली केला आणि १९७० साली तो सुधारून घेतला. त्यातही नोकरी संपल्यावर न घेतलेल्या रजेचा मोबदला मिळावा हे तत्त्व आहे.

आपल्या देशात कारखान्यातील कामगारांस भरपगारी सुट्टीचा कायदेशीर हक्क प्रथम १९४५ च्या दुरुस्तीने मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला आणि त्याच्या ७९ व्या कलमाने वीस दिवसांमागे एक दिवस हा दर ठरवून दिला. वर्षात २४० दिवस काम भरले म्हणजे पुढील वर्षी ही रजा घ्यावयाची, अशी अट होती. परंतु वर्षाच्या मध्येच कामगारास काढून टाकले, तर २४० दिवस भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचा हक्क राहील, असेही त्याच कलमात म्हटले होते. स्वतःहून नोकरी सोडणारा, वयोमानाने निवृत्त होणारा आणि नोकरीत असताना मरण पावणारा, या तिघांना या सवलतीत स्पष्ट शब्दांनी आणले ते १९७६ च्या दुरुस्तीने.

आता हा कायदा विड्यांच्या धंद्यास लागू आहे की नाही, हा प्रश्न आपल्या भागाच्या दृष्टीने फार जिव्हाळ्याचा. निपाणी ही तंबाखूची पेठ. तेथील वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि गावोगाव विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर कित्येक घरे चालली. (या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर 'तंबाकू चाकीला ऊब आली' नावाचा माहितीपट युगांतर या गटाने १९८२ साली काढला होता.) विडी कामगारांस शिल्लक रजेचा पगार मिळावा की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात साठ वर्षांपूर्वी जो खल झाला तो आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात या विषयाचे मर्म आहे.

पहिला खटला नागपूरचा, बिरधीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्याचा. तेथील कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली, रजेवर गेले आणि मालकाने त्या दिवसांचा पगार दिला नाही. मालकाचे म्हणणे असे, की हे लोक हजार विड्यांमागे मजुरी घेतात, हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात. हे स्वतंत्र कारागीर आहेत, कामगार नव्हेत. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. काम कारखान्यातच करावे लागते, दुपारनंतर येणाऱ्यास काम मिळत नाही, वाईट विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तेव्हा हे कामगारच होत, असा निर्णय झाला आणि रजेचा पगार कायम राहिला.

दुसरा खटला याच्या पुढल्याच वर्षीचा. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आमचा विषय नेमका याच खटल्यात आहे. महाराष्ट्रातील एका विडी कारखान्यात एका मजुराने १९५७ साली सत्तर दिवस काम केले आणि ऑगस्टमध्ये त्याचे काम संपले. सत्तर दिवसांना वीसने भागले की साडेतीन येतात. अर्धा दिवस वा अधिक अपूर्णांक आला तर तो पूर्ण दिवस धरावयाचा असा कायद्याचा नियम, म्हणून रजा झाली चार दिवसांची. या चार दिवसांचा पगार मालकाने दिला नाही, एवढ्यावर फिर्याद झाली! चार दिवसांचा पगार म्हणजे त्या काळी किती रुपये असतील याची कल्पना वाचकांनी करावी. पण तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. उच्च न्यायालयाने मालकास दोषी धरले होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय फिरविला. बहुमताचे म्हणणे असे पडले, की या मजुरावर वेळेचे बंधन नव्हते, किती विड्या वळावयाच्या याचेही बंधन नव्हते, न सांगता तो घरी राहू शकत होता. मग असा मनुष्य कायद्याच्या व्याख्येतील कामगार ठरत नाही, आणि ज्यास केव्हाही गैरहजर राहता येते त्यास निराळ्या रजेची गरजही भासत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले.

आम्हांस स्वतःला सुब्बा राव यांचे मत अधिक पटते. पोटावर काम करणाऱ्या माणसाला 'तू हवे तेव्हा घरी बस' असे सांगणे म्हणजे त्याला 'हवे तेव्हा उपाशी राहा' असे सांगणे होय. घरी बसण्याचे स्वातंत्र्य आणि घरी बसून पगार मिळण्याचा हक्क यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण आमच्या पटण्याने काय होणार? अकरा महिन्यांच्या आत दोन निकाल दोन दिशांना गेले आणि विडी कामगारांचा प्रश्न अधांतरी राहिला.

तो सोडविण्यासाठी संसदेनेच १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. त्यात घरी कच्चा माल नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही 'कर्मचारी' म्हटले गेले. २६ व्या कलमाने तिला वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली, काम सुटल्यास उरलेल्या रजेचे पैसे देण्याची सोय केली आणि मागील महिन्यात ज्या दिवशी काम केले त्या दिवसांच्या सरासरी कमाईवरून रोज काढावा असे २७ व्या कलमाने सांगितले. कारखानदारांनी या कायद्यालाही आव्हान दिले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो वैध ठरविला. सत्तर दिवस राबलेल्या त्या मजुरास याचा उपयोग झाला नाही, हे खरे. त्याच्या मागून आलेल्यांना झाला.

वरील दोन्ही कायदे आता इतिहासजमा झाले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार नव्या श्रमसंहिता अमलात आणल्या. फॅक्टरी कायदा आणि विडी कामगार कायदा हे दोन्ही, २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत विलीन झाले. तेव्हा जुन्या पुस्तकावर विसंबून कोणी सल्ला देत असेल तर सावध असावे. सुदैवाने रजेच्या बाबतीत जुना गाभा शाबूत आहे आणि काही बाबतींत सुधारणाच झाली आहे.

या संहितेच्या ३२ व्या कलमाप्रमाणे रजेचा दर पूर्वीचाच, वीस दिवसांमागे एक दिवस. अल्पवयीन कामगारास पंधरा दिवसांमागे एक. मात्र वर्षात २४० दिवसांऐवजी आता १८० दिवस काम भरले तरी पुरते. बाळंतपणाची रजा, जास्तीत जास्त सव्वीस आठवडे, या १८० दिवसांच्या मोजणीत धरतात. त्या दिवसांवर नवी रजा चढत नाही इतकेच. न वापरलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील वर्षी नेता येते. तिसांहून अधिक झाली तर वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात, आणि वर्षअखेरीस मागणी केल्यास शिल्लक रजा रोखीत बदलून घेता येते. ही शेवटची सोय जुन्या फॅक्टरी कायद्यात नव्हती.

आणि नोकरी सुटली तर? कामगारास कमी केले, शिक्षा म्हणून काढून टाकले, त्याने आपणहून राजीनामा दिला, तो निवृत्त झाला किंवा नोकरीत असताना वारला, या पाचही प्रसंगी शिल्लक रजेचा पगार द्यावाच लागतो. पहिल्या तिन्ही प्रसंगी तो दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यावयाचा. निवृत्ती वा मृत्यू असेल तर दोन महिन्यांच्या आत.

यातील 'शिक्षा म्हणून काढून टाकले' हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. गैरवर्तनाच्या काही प्रसंगी ग्रॅच्युइटी रोखून धरता येते, हे पुष्कळांस ठाऊक असते आणि त्यावरून रजेचा पगारही जप्त होतो असा तर्क ते करतात. तो चुकीचा आहे. भांडण करून काढला गेलेला कामगारही केलेल्या कामाच्या रजेचा धनी असतो. तसेच ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांची नोकरी लागते म्हणून रजेसाठीही लागत असेल, असे नाही.

हिशेब कसा करावयाचा हे एका कल्पित उदाहरणाने दाखवू. समजा, एका कामगाराने जानेवारीपासून ऑगस्टअखेर १७० दिवस काम केले आणि नोकरी सोडली. १७० भागिले २० म्हणजे साडेआठ. नियमाप्रमाणे नऊ दिवस. गेल्या वर्षाची बारा दिवस रजा त्याच्या खात्यावर होती. एकूण एकवीस. त्याला शेवटच्या महिन्यात सव्वीस दिवसांचे १२,४८० रुपये वेतन मिळाले असेल तर रोज पडला ४८० रुपये. एकवीस दिवसांचे झाले १०,०८० रुपये. ज्या घरात पुढची नोकरी केव्हा लागेल याचा पत्ता नाही, त्या घरास ही रक्कम थोडी नव्हे.

रोज काढताना ओव्हरटाइम आणि बोनस धरावयाचा नाही, महागाई भत्ता धरावयाचा, असा जुना नियम होता. नव्या संहितांत 'वेतन' या शब्दाचीच व्याख्या केली आहे. मूळ पगार व महागाई भत्ता यांत येतो. घरभाडे, प्रवासखर्च इत्यादी वगळतात. परंतु वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात धरावा लागतो. मूळ पगार मुद्दाम बारीक आणि भत्ते लठ्ठ ठेवण्याची जी चलाखी काही ठिकाणी चालते, तिला यामुळे थोडा आळा बसावा.

एक गोष्ट सीमाभागातील लोकांसाठी मुद्दाम सांगितली पाहिजे. आपला तालुका ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, पुढे म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आजही घर निपाणीत आणि काम कागल-हातकणंगल्याच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा घर कोल्हापूर जिल्ह्यात आणि दुकानातील नोकरी चिकोडीत, अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे, की घर कोठे आहे, भाषा कोणती आहे, रेशनकार्ड कोणत्या राज्याचे आहे यावर रजेचा कायदा ठरत नाही. काम जेथे चालते तेथला कायदा लागतो. कारखान्यांसाठी केंद्राची संहिता दोन्ही बाजूंस एकच आहे. दुकाने, पेढ्या, खासगी कचेऱ्या यांसाठी मात्र राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत. इकडे १९६१ चा कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, ज्यात वीस दिवसांमागे एक दिवस हाच दर आहे. तिकडे महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा, ज्यात अर्जित रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठविता येते. दहांहून कमी माणसांच्या लहान दुकानात काम करणाऱ्याने केंद्राच्या संहितेऐवजी आधी आपल्या राज्याचा दुकान कायदाच पाहावा.

सरकारी नोकरांचे नियम अगदी वेगळे आहेत आणि त्यांना सल्ला देणारे जाणकार त्यांच्याच कचेरीत असतात, म्हणून त्यांविषयी दोनच वाक्ये लिहितो. केंद्र सरकारच्या नोकरास निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात. राजीनामा दिल्यास मात्र शिल्लक रजेच्या निम्म्याचे, तेही १५० दिवसांपर्यंतच. शाळामास्तरांना मोठ्या सुट्ट्या असतात, म्हणून त्यांच्या खात्यावर अर्जित रजा फारच थोडी पडते, ही तक्रार जुनीच आहे.

खासगी नोकरांस निवृत्तीच्या वा नोकरी सोडण्याच्या वेळी मिळणाऱ्या या रकमेवरील प्राप्तिकराची माफी पूर्वी तीन लाखांपर्यंत होती. २०२३ साली ती पंचवीस लाखांपर्यंत नेण्यात आली. आमच्या वाचकांपैकी पंचवीस लाखांची काळजी ज्यांस आहे त्यांनी आपल्या हिशेबतपासनिसास विचारावे.

आता प्रत्यक्षात अडचणी कोठे येतात ते पाहू. पहिली अडचण पुराव्याची. हजेरीपट मालकाच्या ताब्यात असतो. विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हाती निदान नोंदीचे पुस्तक असते, पण काम एकीच्या नावावर आणि वळणाऱ्या तिघी, असा प्रकार जेथे असेल तेथे उरलेल्या दोघींचे दिवस कोठेच लागत नाहीत. यास उपाय एकच : कार्ड ज्याचे त्याच्या नावाने करून घेणे. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या पगाराची पासबुकातील नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, यांवरूनही नोकरीचा काळ सिद्ध होतो. वेतन संहितेप्रमाणे, पैसे दिले नाहीत असा दावा कामगाराने केला तर ते दिले आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, हेही विसरू नये.

दुसरी अडचण नोटिशीची. 'तू महिन्याची नोटीस दिली नाहीस, तेव्हा तुझी रजा त्यात वळती केली' असे पुष्कळदा सांगितले जाते. उलट, मालकच कामावरून काढताना 'तुझी वीस दिवस रजा आहे, तीच नोटीस समज' असे म्हणतो. या दुसऱ्या युक्तीस १९४८ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली होती. न घेतलेली रजा नोटिशीच्या मुदतीत मोजता येणार नाही असे त्यात लिहिले होते. दोन्ही गोष्टींचा हिशेब वेगवेगळा, कागदावर, लिहून मागावा. तोंडी वजाबाकी मान्य करू नये.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी अडचण, त्या सही करावयाच्या कागदाची. 'काही येणे नाही' असे लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यात रजेची रक्कम निराळी दाखविली आहे काय ते पाहावे. नसेल तर 'रजेचा पगार वगळून' एवढे शब्द आपल्या हाताने लिहून मग सही करावी. कित्येकांना हे उद्धटपणाचे वाटते. वीस वर्षे ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यापुढे असे कसे लिहावे, असा संकोच होतो. संकोचाची ही भावना आम्ही हसण्यावारी नेत नाही. गावात उद्या पुन्हा तोंड पाहावयाचे असते. पण मालकाचे मीठ जसे खरे तसे आपले वीस दिवसही खरे. सभ्य शब्दांत मागितलेला हिशेब कोणाही सज्जन मालकास टोचत नाही, असा आमचा अनुभव आहे. आपल्या समाजात जे स्वतः मालक आहेत, ज्यांच्या दुकानांत व गिरण्यांत माणसे कामास आहेत, त्यांनी तर मागण्याची वाटच पाहू नये.

मागूनही मिळाले नाही तर श्रमखात्याच्या निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्यावा. वेतनाच्या दाव्यासाठी वेतन संहितेने तीन वर्षांची मुदत ठेवली आहे. दावा कामगार स्वतः करू शकतो किंवा त्याची नोंदलेली संघटना त्याच्या वतीने करू शकते, आणि दावा खरा ठरल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार संबंधित अधिकाऱ्यास आहे. अर्जात नोकरीस लागल्याची व सुटल्याची तारीख, शेवटचा पगार, शिल्लक रजेचे दिवस आणि मागणीची रक्कम एवढे आले म्हणजे पुरे. लांबलचक कैफियत लिहिण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न मृत कामगाराच्या घरच्यांचा. नवरा कामावर असतानाच गेला, तर दिवसकार्यात गुंतलेल्या बाईला भविष्यनिर्वाह निधीची आठवण कोणी तरी करून देतो, विम्याची करून देतो. रजेची कोणी देत नाही. नामनिर्देशन केलेले असेल तर ती व्यक्ती, नसेल तर वारस, ही रक्कम मागू शकतात. मृत्यूचा दाखला, नातेसंबंधाचा पुरावा, तिच्या स्वतःच्या बँकखात्याचा क्रमांक आणि एक साधा अर्ज, एवढे जोडून तो अर्ज मालकाच्या कचेरीत द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि मृत्यूच्या तारखेपासूनचे दोन महिने त्या प्रतीवरच मांडून ठेवावेत. लिहिता येत नसेल तर संस्थेच्या कचेरीत यावे. अर्ज मराठीत व कन्नडमध्ये, दोन्ही लिहून देण्याची व्यवस्था आहे.